लगुना सेकावर पहिला दिवस : एका साध्या एमएक्स-५चं प्रकरण

गाडी माझदा एमएक्स-५, २०१९चं मॉडेल, कापडी छपराची, सहा गिअरची मॅन्युअल. इंजिन दोन लिटरचं, टर्बो नसलेलं, १८१ हॉर्सपॉवरचं. वजन साधारण १,०६० किलो. चालक मूळची वाईची, आता सनीवेलमध्ये चिप तपासणीच्या कामात असलेली, चाळिशीच्या आतली इंजिनिअर. ट्रॅकचा अनुभव शून्य. जागा कॅलिफोर्नियात मॉन्टरेजवळचा लगुना सेका हा शर्यतींचा ट्रॅक. मी त्या दिवशी तिच्या शेजारच्या सीटवर इन्स्ट्रक्टर म्हणून होतो.

रस्त्यावरची गाडी ट्रॅकवर न्यायची म्हटलं की माणसं आधी इंजिनाबद्दल विचारतात. या प्रकरणात इंजिनाला कुणी हात लावला नाही, दिवसभरात त्याचा विषयही फारसा निघाला नाही. अडलं ते छपरावर, सायलेन्सरवर, इन्स्ट्रक्टरच्या उंचीवर आणि शेवटी ब्रेक पॅडवर, म्हणजे चाकाच्या डिस्कला दाबून वेग कमी करणाऱ्या तुकड्यांवर. शिवाय प्रत्येक निर्णयावर एक अट होती: संध्याकाळी याच गाडीनं सव्वाशे किलोमीटर चालवत घरी जायचं आणि सोमवारी हिच्यातूनच ऑफिस गाठायचं. ट्रेलरवर गाडी आणणाऱ्याला ही अट नसते. त्यामुळे त्याचा सल्ला कितीही अनुभवी असला तरी इथे निम्मा निरुपयोगी ठरतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. क्लब ट्रॅक दिवसभरासाठी भाड्यानं घेतो, लोकांचे अनुभवाप्रमाणे गट पाडतो आणि प्रत्येक गटाला वीस-वीस मिनिटांची सत्रं देतो. नवख्यांच्या गटात वेळ मोजत नाहीत. पुढे जायचं असेल तर ठरावीक सरळ पट्ट्यांवरच, आणि तेही पुढच्या चालकानं खिडकीतून हात काढून बाजू दाखवली तरच. तो हात दाखवत नाही तोवर मागच्यानं मागेच राहायचं, मग मागची गाडी कितीही महागडी असो.

लगुना सेका या ट्रॅकचा जन्मच रस्त्यावरच्या वेगाला आळा घालायला झाला. जवळच्या पेबल बीचच्या जंगलातल्या रस्त्यांवर १९५०च्या दशकात शर्यती व्हायच्या. १९५६मध्ये अर्नी मॅकअफी हा चालक झाडावर आदळून गेला, आणि दुसऱ्याच वर्षी, १९५७मध्ये, डोंगरातला हा बंदिस्त ट्रॅक सुरू झाला. आज त्याची लांबी ३.६ किलोमीटर आहे, वळणं अकरा, दिशा घड्याळाच्या उलट. बरीच वर्षं हा ट्रॅक माझदाच्याच नावानं ओळखला जायचा. ती पाटी २०१८मध्ये बदलली, पण नवख्यांच्या गटात आजही एमएक्स-५चाच भरणा दिसतो.

छपराचा प्रश्न

क्लबच्या नियमावलीत उघड्या गाड्यांसाठी वेगळा परिच्छेद असतो आणि तो बहुतेकजण पैसे भरून झाल्यावर वाचतात. तिनं आधी वाचला, हे तिच्या पेशाला साजेसंच. कापडी छपराची गाडी उलटली तर डोक्यावर कापडच असतं. पुढच्या काचेची चौकट थोडा भार घेईल, मागे काहीच नाही. एमएक्स-५मध्ये सीटांमागे जे उंचवटे दिसतात, त्यांना हा क्लब संरक्षण मानत नाही. सीटांमागे स्टीलचा रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर भार घेणारी नळीची कमान हवी, आणि तो नुसता असून भागत नाही. झाडूच्या दांड्याची चाचणी पास व्हावी लागते. एक सरळ दांडा पुढच्या काचेच्या वरच्या कडेपासून रोल बारच्या माथ्यापर्यंत टेकवायचा. हेल्मेट घालून, पट्टा लावून बसलेल्या माणसाचं डोकं त्या दांड्याच्या खाली राहायला हवं. गाडी उलटली तर जमीन त्या रेषेपाशी येणार, इतका साधा हिशोब.

तिच्यापुढे मार्ग होते. ट्रॅकसाठी तयार केलेली गाडी भाड्यानं घेणं हा एक. सौम्य नियमांचा क्लब शोधणं हा दुसरा, आणि तो मी तरी कुणाला सुचवणार नाही. तिला स्वतःची गाडी समजून घ्यायची होती, म्हणून तिनं नटबोल्टांनी चार ठिकाणी बसणारा रोल बार घेतला. दिवसभराचं काम, मागचं बरंच प्लॅस्टिक आणि कार्पेट काढावं लागतं. मजुरीसकट साधारण बाराशे डॉलर गेले. ट्रॅकच्या दिवसाची फी पाचशेच्या घरात होती. म्हणजे नुसतं दारात उभं राहायचा खर्च आतल्या खर्चाच्या दुपटीहून जास्त.

रोल बार बसला की गाडी सुरक्षित झाली, असं सगळ्यांना वाटतं. ट्रॅकवर ते खरं आहे, कारण तिथे डोक्यावर हेल्मेट असतं. ऑफिसला जाताना ते नसतं. सिग्नलला उभ्या गाडीला मागून धडक बसली तर सीटची पाठ मागे वाकते आणि डोकंही मागे जातं. एरवी तिथे मोकळी जागा असते, आता लोखंडी नळी आहे. तिच्यावर जे कडक फोमचं आवरण बसवतात, ते हेल्मेट घातलेल्या डोक्यासाठी बनवलेलं असतं. उघड्या कवटीला त्याचा फारसा उपयोग नाही.

म्हणून मोजमाप झालं. तिची उंची १५५ सेंटिमीटर, सीट बरीच पुढे. डोक्याचा मागचा भाग आणि नळी यांच्यात वितीहून जास्त अंतर. नवरा सहा फुटी. त्याची सीट पार मागे, अंतर चार बोटं. निर्णय असा झाला की रोल बार आहे तोवर नवऱ्यानं ही गाडी रस्त्यावर चालवायची नाही. “म्हणजे हप्ते मी पण भरायचे आणि बसायचं मात्र नाही?” असं त्याचं म्हणणं होतं. मुद्दा रास्त होता, पण निर्णय बदलला नाही. गाडी ट्रॅकसाठी जितकी योग्य होत जाते तितकी रस्त्यासाठी अयोग्य होत जाते. ही देवाणघेवाण प्रत्येक बदलात असते, फक्त रोल बारमध्ये ती चार बोटांनी मोजता येते.

हेल्मेटचाही याच्याशी संबंध आहे. स्नेल संस्थेच्या मानकांत मोटरसायकलसाठी एम आणि गाड्यांच्या खेळासाठी एसए असे दोन वर्ग आहेत. एसए हेल्मेटचं अस्तर आगीला दाद देत नाही, आणि रोल बारसारख्या नळीवर एकाच जागी पुन्हा पुन्हा आदळण्याची चाचणी त्याला द्यावी लागते. एम वर्गाला ती नसते. काही क्लब नवख्यांना एम चालवून घेतात. पण डोक्यामागे नळी बसवून मोटरसायकलचं हेल्मेट घालणं मला पटत नाही. तिनं एसए २०२० घेतलं.

याच ओघात तिला शर्यतीच्या गाडीसारखे खांद्यावरून येणारे पट्टेही हवे होते. ते मी थांबवले. तसे पट्टे माणसाला ताठ जखडून ठेवतात. त्यांच्यासोबत योग्य सीट आणि मानेचं संरक्षण नसेल, तर सगळा झटका मानेवर येतो. शिवाय चालकाला जे पट्टे तेच इन्स्ट्रक्टरलाही, असा नियम असतो. कंपनीचा तीन बिंदूंचा पट्टा पहिल्या दिवसासाठी पुरेसा आहे.

सायलेन्सर

गाडी घेतल्यावर वर्षभरात तिनं पहिला बदल केला होता तो सायलेन्सरचा. आवाज छान येतो म्हणून. लगुना सेकावर आवाजाला मर्यादा आहे. त्या दिवसाची मर्यादा पत्रकात ९० डेसिबल लिहिली होती. ट्रॅकच्या कडेला मापक असतो. ओलांडली की काळा झेंडा, आत या, काहीतरी करा. पुन्हा ओलांडली की दिवस संपला, फी परत नाही. आसपासच्या घरांत राहणाऱ्यांचा ट्रॅकशी जुना वाद आहे आणि तो कोर्टापर्यंतही गेला आहे. त्यामुळे मापकाशेजारी बसलेला माणूस कुणाचं ऐकत नाही. डेसिबलचं गणितही फसवं आहे. तीन डेसिबल वाढले तर ध्वनीची ऊर्जा दुप्पट झालेली असते. त्यामुळे “थोडासाच जास्त आहे” याला अर्थ राहत नाही.

मूळ सायलेन्सर गॅरेजच्या माळ्यावर पडून होता. आदल्या शनिवारी तो परत चढला. हौसेनं केलेला एकमेव बदल ट्रॅकवर जाण्यासाठी काढावा लागला.

फॉर्मवरच्या खुणा

तपासणीचा फॉर्म दोन पानी होता. बॅटरी घट्ट, गळती नाही, ब्रेकचे दिवे लागतात, चाकांचे नट टॉर्क पान्यानं (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या) आवळलेले, पायाखालच्या चटया काढलेल्या. नट तिनं १२० न्यूटन-मीटरला आवळले. कंपनीच्या १०८ ते १४७च्या मर्यादेत ते बसतं.

ब्रेक ऑइल गेल्या सहा महिन्यांत बदललेलं हवं, अशी अट होती. ती कटकट नाही. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषून घेतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येत जातो. डॉट ४ दर्जाचं कोरं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेलं १५५ अंशाला उकळलं तरी ते मानकात बसतं. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट फरशीला टेकतं. तिनं ऑइल नवं घातलं.

पॅडच्या रकान्यात “किमान निम्मी जाडी शिल्लक” असं होतं. पुढच्या पॅडची जाडी बरोबर निम्म्याच्या आसपास होती. खूण झाली. फॉर्म जाडी विचारतो, तो पॅड किती तापमानापर्यंत धरून राहील हे विचारत नाही. या प्रकरणाचा गाभा त्या एका रकान्यात आहे.

विम्याचं लवकर सांगून टाकतो. तिच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यतीसाठी बांधलेल्या जागेतलं नुकसान सरळ वगळलेलं होतं. स्पर्धा असो नसो, जागा कुठली यावर कलम होतं. तिनं एका दिवसाचा वेगळा विमा घेतला, अडीचशे डॉलर, नुकसानीतला पहिला दहा टक्के हिस्सा तिचा. तो फक्त तिच्या गाडीपुरता, दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी त्यात नाही. भारतात वाचणाऱ्यांनी आपली पॉलिसी काढून बघावी. वापराच्या मर्यादांमध्ये संघटित शर्यत, पेस मेकिंग, वेगाची चाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल हे चारही वगळलेले सापडतील.

त्या दिवशी

सकाळी समुद्रावरून आलेलं धुकं डोंगरात अडकून बसलं होतं. वळणावरच्या झेंडेवाल्यांना पुढचा झेंडेवाला दिसेना, त्यामुळे पहिलं सत्र लांबलं. तेवढ्या वेळात दांड्याची चाचणी झाली. ती सहज पास झाली. तिच्यासाठी नेमलेला इन्स्ट्रक्टर मात्र सहा फुटांच्या वरचा, त्याचं हेल्मेट दांड्याच्या बोटभर वर. नियम शेजारी बसणाऱ्यालाही लागू असतो, आणि शेजारची सीट उंचीला खालीवर होत नाही. आयोजकानं सगळ्या इन्स्ट्रक्टरांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. मी पाच फूट चार इंच. बुटकेपणाची अशी कदर क्वचितच होते. मराठीत बोलायला मिळालं हा निव्वळ योगायोग.

“दादा, मी किती जोरात चालवायची?” हा तिचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, “वेगाचं नंतर बघू. आत्ता तू फक्त पुढे बघ, आणि मी सांगितल्यावर त्याहून पुढे बघ.”

पहिलं सत्र नजरेचंच असतं. लगुना सेकाला ते जास्तच लागू पडतं, कारण इथे डोंगर रस्ता लपवतो. पहिलं वळण म्हणजे सरळ पट्ट्यावरचा हलकासा डावा मोडा, पण तो उंचवट्याच्या माथ्यावर आहे, पलीकडचं दिसत नाही. पलीकडे लगेच उतार, आणि उतारावर दुसऱ्या वळणासाठी जोरदार ब्रेक. आठवं वळण म्हणजे प्रसिद्ध कॉर्कस्क्रू. चढावर ब्रेक लावायचा, डावीकडे वळायचं, आणि वळता वळता जमीन पायाखालून निघून जाते: सुमारे १३७ मीटर अंतरात १८ मीटर खाली. डावीकडे वळताना पुढचं उजवं वळण दिसतच नाही. म्हणून इथे शिकवताना समोरच्या झाडांपैकी एक ठरवून देतात. त्या झाडाकडे गाडीचं नाक धरायचं, रस्ता आपोआप खाली येतो.

ती गाडी शिकली पसरणी घाटात, वडिलांच्या शेजारी बसून. न दिसणाऱ्या वळणाची तिला भीती नव्हती, ही जमेची बाजू. पण घाटात न दिसणाऱ्या वळणापलीकडून एसटी येईल असं धरून आपण आपल्या कडेला चिकटून राहतो. इथे समोरून कुणी येत नाही, रस्त्याची पूर्ण रुंदी आपली. वळणात शिरताना बाहेरची कडा, मध्ये आतली, निघताना पुन्हा बाहेरची. हे डोक्याला कळायला एक मिनिट लागतं, हाताला कळायला दोन सत्रं गेली. पहिल्या सत्रात ती प्रत्येक वळणात एसटीला वाट देत होती.

दुसऱ्या सत्रात रस्ता वापरायला लागली आणि वेग आपोआप वाढला. दोन सवयी मात्र उरल्या. पहिली, सहाव्या वळणात मध्येच ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायची. तसं केलं की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, आणि डॅशबोर्डवर घसरणरोधक यंत्रणेचा पिवळा दिवा लुकलुकतो. ती यंत्रणा आम्ही चालूच ठेवली होती आणि पहिल्या दिवशी ती चालूच ठेवावी. पण ती गाडी सावरते ते एखाद्या चाकाचा ब्रेक स्वतःहून लावून, आणि त्यानंही ब्रेक तापतात. दुसरी सवय जास्त महत्त्वाची. ती लवकर आणि हलका ब्रेक लावायची, आणि तो बराच वेळ धरून ठेवायची. रस्त्यावर हे सभ्य ड्रायव्हिंग आहे, शेजारी बसलेल्याचा चहा सांडत नाही. ट्रॅकवर याच्या उलट हवं: उशिरा, ठाम, थोडा वेळ, आणि वळणात शिरताना हळूहळू सोडत जायचं.

“बाबा तर सांगायचे, घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरू नकोस,” ती दुसऱ्या सत्रानंतर म्हणाली. बाबांचं बरोबर होतं. सांगणारा तिथे नव्हता एवढंच.

तिसरं सत्र

धुकं गेलं होतं, ट्रॅक कोरडा होता, ती सैलावली होती. सत्राच्या मध्यावर पहिल्या वळणाचा माथा ओलांडून आम्ही दीडशेच्या आसपास वेगानं खाली आलो. तिनं नेहमीच्या खुणेवर ब्रेक दाबला. गाडी हळू व्हायला लागली, पण मनाला वाटतं तेवढी नाही. “दाब, अजून दाब,” मी म्हटलं. तिनं सगळा जोर लावला. एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, चालू झाली की पेडलमध्ये जी थरथर येते, ती आली नाही. वळण जरा रुंद गेलं, आम्ही डांबरावरच राहिलो. तिची ब्रेकची खूण मुळातच लवकरची होती, म्हणून हे एवढ्यावर निभावलं.

“पेडल कसं आहे?” मी विचारलं. “घट्ट. दगडासारखं.”

या उत्तरानं निदान झालं. ऑइल उकळलं असतं तर पेडल मऊ झालं असतं, लांब गेलं असतं. इथे पेडल उंच आणि घट्ट, म्हणजे दाब चाकापर्यंत पोचत होता, पण पॅड डिस्कला पकडत नव्हता. रस्त्यावरच्या पॅडमधलं बांधणीचं राळेसारखं द्रव्य त्याच्या मर्यादेपलीकडे तापलं की घर्षण घसरतं. जोर कितीही लावा, चाक लॉक होण्याइतकी पकडच मिळत नाही, म्हणून एबीएसही गप्प. दोन्हींवरचा तातडीचा उपाय एकच, वेग सोडून गार करत आत येणं. नंतरचा उपाय वेगळा असतो, म्हणून पेडल कसं लागलं हे चालकानं त्याच क्षणी लक्षात ठेवायला हवं. पार्किंगमध्ये आल्यावर आठवणीत सगळी पेडलं मऊच असतात.

तिनं खिडकीतून हात वर धरला, आम्ही पुढची पूर्ण फेरी ब्रेक जवळपास न वापरता, वरच्या गिअरमध्ये काढली आणि आत आलो. उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, हे तिला आधीच सांगितलं होतं. तापलेला पॅड तापलेल्या डिस्कला एकाच जागी चिकटवून ठेवणं बरं नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, चाकाला लाकडी ठोकळा लावला. वास येत होता. चाकाच्या फटींतून पाहिलं तर पुढच्या पॅडच्या कडांचा रंग राखाडी-पांढरा पडला होता.

उष्णतेचा हिशोब तिनंच फोनवर केला. गाडी, रोल बार, आम्ही दोघं मिळून सुमारे १,२२० किलो. ताशी १५० किलोमीटरवरून ६५वर येताना सुमारे साडेआठ लाख ज्यूल ऊर्जा जाते. एवढ्या उष्णतेत साधारण पावणेतीन लिटर साधं पाणी उकळीला येईल. ही एका वळणाची गोष्ट झाली. फेरीत असे मोठे ब्रेक तीन, फेरी दोन मिनिटांची, आणि यातला मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर. हलका आणि लांब ब्रेक लावल्यानं उष्णता फारशी कमी होत नाही. पॅड मात्र जास्त वेळ चिकटून राहतो, उष्णता त्याच्या पाठीतून आत झिरपते, आणि गार व्हायला मिळणारा वेळ घटतो. त्यात पॅड अर्धा झिजलेला, म्हणजे उष्णता साठवायला आणि अडवायला माल कमी.

दोष कशाचा किती, यावर जेवणाच्या वेळी इन्स्ट्रक्टरांमध्ये वाद झाला. बऱ्याच जणांचं मत होतं की चालकाची सवय सुधारली की अशा हलक्या गाडीला मूळ पॅड पुरतात. मला ते अर्धंच पटतं. मूळ पॅड पुरतात ते कोरे असताना. निम्म्या जाडीचा नियम पॅड दिवसभरात संपू नये एवढ्यासाठी आहे, तापू नये यासाठी नाही. पहिल्याच दिवशी येणाऱ्याला “कोरे पॅड घालून या” असं सांगावं, त्याला शंभर-दीडशे डॉलर लागतात. एक्झॉस्ट, स्प्रिंगा, रुंद टायर यांच्या कितीतरी आधी हा खर्च यायला हवा. सवय सुधारायला इन्स्ट्रक्टर लागतो आणि वेळ लागतो. तोवर गाडीनं साथ द्यायला हवी.

चौथं सत्र सोडलं. तिची नाराजी चेहऱ्यावर दिसत होती, पण तिनं हुज्जत घातली नाही. पाचव्यात आम्ही गेलो, आधी दोन हळू फेऱ्यांत पेडल आणि पकड तपासून. मग सगळं सत्र एकाच गिअरमध्ये, तिसऱ्यात, ब्रेक अगदी लागला तरच. या सरावात चालकाला वेग सांभाळूनच वळणात यावं लागतं, कारण नंतर सुधारायला काही हातात नसतं. सहाव्या वळणातला पाय उचलणं बंद झालं, पिवळा दिवा एकदाही लागला नाही. माझ्या मते तिची दिवसातली सर्वांत चांगली वीस मिनिटं तीच होती, जरी तिला तिसरं सत्र जास्त आवडलं असलं तरी.

घरी जाताना

टायरमध्ये सकाळी गार असताना कंपनीनं सांगितलेली २९ पीएसआय हवा होती. दुसऱ्या सत्रानंतर ती ३६वर गेली म्हणून ३३पर्यंत काढली होती. संध्याकाळी टायर गार झाले तेव्हा २६ उरली. हे विसरून हायवेला लागणारे दर वेळी भेटतात. या गाडीत स्टेपनी नसते, पंक्चर दुरुस्तीचा डबा आणि छोटा कंप्रेसर असतो. त्यानंच हवा पुन्हा २९ केली, नट परत टॉर्क पान्यानं तपासले. आवारातच कमी वेगात ब्रेकची चाचणी घेतली, पकड परत आली होती. तरी मी तिच्या मागोमाग माझ्या गाडीनं सॅलिनासपर्यंत गेलो. पॅड एकदा तापून गार झाल्यावर नेहमीसारखे वागतात, पण पृष्ठभागावर काच चढल्यासारखी चकाकी आली असेल तर नाही. ते उघडून बघितल्याशिवाय कळत नाही.

पुढच्या शनिवारी उघडलं. चकाकी होती. पुढचे पॅड आणि डिस्क दोन्ही बदलले, रस्त्यासाठी पुन्हा कंपनीचेच. ट्रॅकचे पॅड कायम घालून ठेवावेत असा मोह होतो. पण ते गार असताना किंचाळतात, काळी धूळ उडवतात, आणि सकाळी पहिल्या सिग्नलला त्यांची पकड कमी असते. ट्रॅकसाठी तिनं जास्त तापमानाचे पॅड वेगळे आणून ठेवले आहेत. आदल्या संध्याकाळी घराच्या दारात जॅक लावून स्वतः बदलायचे, परत आल्यावर उतरवायचे. पहिल्यांदा तिला दुपार लागली. दोन प्रकारच्या पॅडचे थर एकाच डिस्कवर चढून कधी कधी ब्रेक लावताना गाडी थरथरते, म्हणून ट्रॅकसाठी डिस्कचा वेगळा जोडही घ्यावा का, हे तिच्या यादीत अजून ठरलेलं नाही.

पुढची तारीख तिनं पुन्हा नवख्यांच्या गटातच घेतली आहे. आता नवऱ्यालाही यायचं आहे. दांड्याच्या नियमामुळे त्याला या गाडीतून जाता येणार नाही, ना चालवायला, ना शेजारी. पक्क्या छपराची गाडी भाड्यानं घेण्याचा हिशोब दोघं करत आहेत, आणि त्या गाडीच्या ब्रेक पॅडची जाडी किती हे भाडं देणाऱ्याला विचारायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं आहे.